अकरा सेंटिमीटर

११ जानेवारी

वहिनी,

नमस्कार. तुम्ही आधी पार्सलचा दोरा सोडवून नीट गुंडाळून ठेवला असणार आणि मगच हे पत्र हातात घेतलं असणार. आता बसा आणि मनातल्या मनात वाचा. सोबत दुसरा एक कागद आहे, तो मोठ्याने वाचायचा आहे, दादाला ऐकू जाईल असा.

फोन का केला नाही हे सांगायला नको. तुमची खोली एक, फोन दादाच्या उशाशी, आणि त्याचे कान काही आजारी पडलेले नाहीत.

त्याने व्यायामाचा रबरी चेंडू डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला हे तुमच्या पत्रात वाचलं आणि मी आधी हसलो. मग हसू आवरलं. अर्धांगाचा झटका येऊन गेला त्याला पाच महिने झाले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की पहिलं वर्ष महत्त्वाचं, काहीतरी करत राहिला तर सुधारेल, नाहीतर आहे तेही आखडेल. आणि हा गडी भिंतीकडे बघत पडून आहे. उरलेले महिनेही असेच गेले तर दादा आपल्याला दादासारखा परत मिळणार नाही, एवढीच मला भीती आहे.

चेंडू दाबायची त्याला लाज वाटते. पण पुठ्ठ्याची कशी वाटेल? तीस वर्षं खोक्यांच्या कारखान्यात प्रत्येक नव्या खोक्याचा पहिला नमुना ह्याने हाताने कापला. खिशात कायम स्टीलची पट्टी, म्हणून अख्खा कारखाना पट्टीसाहेब म्हणायचा. त्याच्यासमोर पुठ्ठा आणि कटर ठेवला तर काय होईल ते बघू या.

म्हणून मी एक थाप मारली आहे. मोठ्याने वाचायच्या कागदात लिहिलंय की एका मुलांच्या वाचनालयाने माझ्याकडे पुठ्ठ्याचा पाणघोडा मागितला आहे, माझा कापणारा माणूस ऐन वेळी सोडून गेला, आणि दादाने हात दिला नाही तर माझी अब्रू जाईल. वाचनालय नाही, माणूसही नाही. पाणघोडा मात्र आहे. महिनाभर ऑफिस सुटल्यावर थांबून संगणकाच्या पडद्यावर घडवलाय. आधी नुसता गोळा होता, मग मान ओढली, पोट फुगवलं, पाय आखूड ठेवले म्हणजे उभा राहील. मग पाव कापतात तसा नाकापासून शेपटीपर्यंत कापला. एकशे अठ्ठेचाळीस चकत्या. प्रत्येक चकती खऱ्या मापात एकेका कागदावर छापली आहे, वर क्रमांक घातलाय आणि दोन भोकांच्या खुणा आहेत.

करायचं असं: कार्बन ठेवून कागदावरची रेघ पाचपदरी पुठ्ठ्यावर उतरवायची, कापायचं, भोकं पाडायची आणि क्रमांकाने सळ्यांवर ओवत जायचं. दोन सळ्या पाठवल्यात, बरोबर अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटरच्या. पाणघोडा पूर्ण झाला की सळ्यांची टोकं आत लपतील. डिंक सगळ्यात शेवटी.

तुम्हाला माहीत आहे, कारखान्यात संगणकावरून कापणारं यंत्र आलं आणि दादाचं टेबल गोदामात गेलं, त्याच वर्षी मी संगणकाचं काम शिकायला निघालो. "पडद्यावरच्या खोक्यात सामान भरता येत नाही," एवढंच बोलला तेव्हा. त्यानंतर माझं एकही काम त्याने पाहिलेलं नाही. त्यामुळे ह्यात थोडा माझाही स्वार्थ आहे, तो माफ करा.

तुमचा
धाकटा दीर

२३ जानेवारी

भाऊजी,

दोरा गुंडाळून ठेवला आहे.

तुमचा कागद मोठ्याने वाचला, दोनदा. पहिल्या वेळी ह्यांनी झोपेचं सोंग घेतलं. दुसऱ्या वेळी मी "अब्रू" हा शब्द जरा जोरात म्हटला, तेव्हा डोळे उघडले. बोलणं अजून जड आहे, अर्धा शब्द तोंडातच राहतो, पण इतक्या वर्षांनी मला कळतं. म्हणाले, "धांदल्याला सांग, मी मेलोय." तुमचं नाव तेवढं अगदी स्पष्ट उच्चारलं हो.

मी म्हटलं, मेलेला माणूस सकाळी दोनदा चहा मागत नाही. त्यावर तोंड भिंतीकडे.

मी कटर, पट्टी आणि पहिले दहा कागद ह्यांच्यासमोर मांडून बघितले. कापडाने पुसून ठेवले, उचलून ठेवले, हाताशी सरकवले. ताकास तूर लागू देत नाहीत. व्यायामाच्या बाई मंगळवारी आल्या, त्यांना वाटलं मी शाळेचं काहीतरी काम घेतलंय. हे त्यांच्यासमोर चार वेळा बोट हलवतात आणि त्या जिना उतरल्या की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तुमचं काय, तुम्ही तिकडून उंटावरून शेळ्या हाकताय. मला थापा मारायची सवय नाही. तो कागद वाचताना माझे कान तापले होते. तुमच्या दादांना खोटं वासावरून कळतं, कारखान्यात पुठ्ठ्याचा वास घेऊन ओला की सुका सांगायचे. पार्सल परत पाठवू का? टेबलाखाली ठेवलंय, येता-जाता पायात येतं.

जेवत जा वेळेवर.

वहिनी

३० जानेवारी

वहिनी,

परत पाठवू नका. पायात येतंय ना, येऊ द्या. त्याच्याही डोळ्यांत येत असेल.

एक करून बघा. नीट मांडून, पुसून, हाताशी सरकवून ठेवू नका. त्याला आयतं दिलेलं कधी आवडलं आहे? उलट पसारा करा. पुठ्ठा चुकीचा धरा, कटर उलटा धरा. दादासमोर कुणी चुकीचं कापत असेल आणि तो गप्प बसला, असं मी जन्मात पाहिलेलं नाही. मी सातवीत असताना वहीला कव्हर घालत होतो तर जेवणाच्या ताटावरून उठून आला होता.

अजून पंधरा दिवस द्या. नाही जमलं तर मी स्वतः येऊन पार्सल घेऊन जाईन आणि पुन्हा ह्या विषयावर बोलणार नाही.

तुमचा
दीर

१३ फेब्रुवारी

भाऊजी,

काम सुरू झालं. आज संध्याकाळपर्यंत एकोणीस थर झाले. पाणघोड्याचं नाक आणि वरचा ओठ सळ्यांवर चढलाय. आत्ता तरी तो चेंगरलेल्या बुटासारखा दिसतोय, पण तुम्ही म्हणता तर पाणघोडाच असेल.

पुठ्ठा विकत आणावा लागला नाही. ह्यांनी कारखान्यातून निवृत्त होताना कोरे पाचपदरी ताव आणले होते, ते गादीखाली सपाट घालून ठेवलेत, आठवतं? पन्नासच्या वर ताव. चौदा वर्षं आम्ही त्यांच्यावर झोपतोय. आमचा पलंग म्हणूनच एवढा उंच, पाहुण्यांना चढायला स्टूल द्यावं लागतं. आता दुपारी ह्यांना खुर्चीत बसवते आणि दोन-दोन ताव काढते.

पहिले पाच-सहा थर कुरतडल्यासारखे आले. उंदराने केलं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मग लक्षात आलं की कटरचं पातं फार बाहेर काढलं की ते लवतं. थोडंच बाहेर ठेवायचं आणि एका दमात नाही, तीन वेळा हलक्या हाताने फिरवायचं. वळणावर कटर नाही फिरवायचा, पुठ्ठा फिरवायचा. हे कळल्यावर बरं जमतंय.

दुपार कशी जाते समजत नाही.

वहिनी

१९ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र जिन्यातच वाचलं आणि तिथेच बसलो. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, आजोबा, इतकं बरं गेल्या कित्येक महिन्यांत वाटलेलं नाही.

पुठ्ठा फिरवायचा, कटर नाही! हे त्याचंच. मलाही तेच शिकवायचा प्रयत्न केला होता, माझ्या डोक्यात शिरलं नाही. आणि डाव्या हाताने एकोणीस थर! व्यायामाच्या बाईंना कळवा. त्या फी परत करतील.

ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. आमच्या साहेबांनी तर उभं राहून विचारलं, "पट्टीसाहेब म्हणजे ते तुम्ही नेहमी सांगता तेच भाऊ?" मी नेहमी सांगतो हे मला माहीत नव्हतं.

एक फोटो पाठवा. दादा नको म्हणाला तर नुसत्या हाताचा. एप्रिलच्या शेवटी मला चार दिवस रजा मिळते आहे, तेव्हा येतोच.

तुमचा
दीर

११ मार्च

भाऊजी,

पंच्याण्णव थर झाले. मान मागेच संपली, आता पोट निम्मं झालंय. पोटाचे थर मोठे असतात, एका तावात तीनच बसतात, पण सोपे आहेत, एकासारखा दुसरा. मानेने जीव काढला होता.

फोटो नको. अर्धवट काम आणि अर्धवट शिजलेलं अन्न कुणाला दाखवू नये.

एक गंमत सांगते. ताव निघत गेले तसा पलंग खाली आला. परवा ह्यांना काठावर बसवलं तर ह्यांचे पाय जमिनीला टेकले. आजवर लोंबकळायचे. स्वतःच पायांकडे बघत राहिले. मग जोर देऊन बघितला. मी काही बोलले नाही, बोललं की थांबतात.

रजेचं पक्कं झालं का? एवढ्या लांबून येताय, उगाच धावपळ करू नका. काम झाल्यावर आलात तरी चालेल.

वहिनी

१८ मार्च

वहिनी,

उगाच धावपळ? मी तिकीट काढलंय. पाय टेकले आणि हात चालतोय, अजून काय हवं!

फोटो नको तर नको. पण एक मागणं आहे, ह्याला नाही म्हणू नका. दादाला सांगा, मला एक ओळ लिही. डाव्या हाताने, वाकडीतिकडी, शिवी असली तरी चालेल. जो हात पंच्याण्णव थर कापतो त्याला एक ओळ जड नाही. ती मी ऑफिसात टेबलावर लावणार आहे.

तुमचा
दीर

२ एप्रिल

भाऊजी,

ओळ मिळणार नाही. हे पत्र वाचून तुम्ही माझ्यावर रागवाल आणि ते बरोबरच असेल.

थर ह्यांनी कापलेले नाहीत. एकही नाही. मी कापले. तुम्ही म्हणालात पसारा करा, चुकीचं धरा, म्हणून मी कटर उलटा धरून बसले. ह्यांनी एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग मी सुलटा धरला. उगाच, कापलं तर काय होतं बघू म्हणून. तिसऱ्या दिवशी मला कळलं की मी दुपारची वाट बघतेय.

पत्रात मी "ह्यांनी कापले" असं एकदाही लिहिलं नव्हतं. तुम्ही तसं वाचलंत. पण तुम्ही तसंच वाचाल हे मला लिहितानाच माहीत होतं, म्हणजे खोटंच ते. आधी वाटलं, तुम्हाला थोडे दिवस आनंद होऊ दे, तोवर हे हात लावतील. मग दुसरंच झालं. ते लिहायला लाज वाटते, पण आता लिहितेच. मला वाटायला लागलं की ह्यांनी हात लावूच नये. लग्न झाल्यापासून ह्या घरात कटर ह्यांचा आणि मी दिवा धरणार, खाली पडलेले तुकडे वेचणार. आयुष्यात पहिल्यांदा टेबल माझ्याकडे आलं होतं. नवरा आजारी पडलाय आणि बायको मनातून म्हणतेय, पडून राहा अजून थोडे दिवस. असली मी. दुसऱ्या कुणाला सांगू नका.

आता पुढचं ऐका.

परवा शेवटचा, एकशे अठ्ठेचाळिसावा थर चढवला. आणि शेपटीच्या मागे सळ्या बाहेर. थोड्याथोडक्या नाहीत, ह्या एवढ्या, चांगली अर्धी वीत. तुम्ही म्हणाला होतात टोकं आत लपतील. मला वाटलं थर हरवले. तीन वेळा मोजले, पलंगाखाली शोधले, कचऱ्याचा डबा उलटा केला. एकशे अठ्ठेचाळीस भरले. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना. आणि पाणघोडा बघाल तर मागून कुणीतरी ढकलल्यासारखा, मान पोटात शिरलेली. दोन महिन्यांची मेहनत आणि हे ध्यान. मी जमिनीवर बसले आणि रडले. ह्यांच्यासमोर मी रडत नाही, त्या दिवशी रडले.

तेव्हा मागून आवाज आला. "गादी."

मला वाटलं आडवं व्हायचंय. उठून धरायला गेले तर माझा हात झटकला. पुन्हा, "गादी," आणि डाव्या हाताने गादीवर थापा मारल्या, मग पाणघोड्याकडे बोट. मी बघतच राहिले. मग म्हणाले, "पट्टी." दिली. दहा थर काढून एकावर एक ठेवायला लावले, पट्टी स्वतः उभी धरली आणि म्हणाले, "साडेबावन्न."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही पाचपदरी म्हणजे सहा मिलिमीटर धरलंत. नवा असतो तेवढा. पण ह्या पुठ्ठ्यावर आम्ही दोघं चौदा वर्षं झोपलोय. तो दबून सव्वापाच झालाय. एकेका थरात पाऊण मिलिमीटर, असे एकशे अठ्ठेचाळीस. अकरा सेंटिमीटर पाणघोडा आमच्या झोपेत गेला.

ह्यांनी सगळा हिशोब तोंडी केला, एकेक शब्द ओढून काढत. एकवीस थर कमी आहेत. पोट एकसारखं आहे, तिथे प्रत्येक सातव्या थराची जोडी करायची, म्हणजे पोट आणि मागचा भाग मिळून पंधरा. मान आणि तोंड तसं वाढवता येणार नाही. "तोंड धांदल्या करेल," असं म्हणाले. सात-आठ महिन्यांत एवढं बोलले नव्हते. मग दमले आणि झोपले, भिंतीकडे नाही, टेबलाकडे तोंड करून.

आता तुम्हीच सांगा, मी हसू की तोंड लपवू.

वहिनी

९ एप्रिल

वहिनी,

हे पत्र मोठ्याने वाचा. सगळं. आता घरात मनातल्या मनात वाचायचं काही उरलेलं नाही.

रागावलो का? हो. एक दिवस. ऑफिसात मी पट्टीसाहेबांच्या डाव्या हाताची एवढी वर्णनं केली होती की साहेब रोज थरांचा आकडा विचारत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा कटर धरला आणि मान कापली?" ते स्वतः असली कामं करत वर आलेत, त्यांना मान कापणं म्हणजे काय ते कळतं.

लाज तुम्हाला नको, मला हवी. तुम्ही अख्खा जन्म दिवा धरलात हे मी त्याच खोलीत वाढलो तरी मला दिसलं नाही. मी पार्सलवर दादाचं नाव लिहिलं, दोन सळ्या त्याच्यासाठी कापल्या आणि तुम्हाला फक्त कागद वाचायला सांगितला.

आणि चूक माझीच. पडद्यावर सहा लिहिलं आणि पुढे गेलो. हातातला पुठ्ठा न मोजता जाडी धरायची नाही, दहाची चवड करून मोजायची, हे मला शाळेत असताना सांगितलं गेलं होतं. सांगणारा आत्ता ऐकतोय.

दादा, वाचनालय नाही. ती थाप होती. तू उठावंस म्हणून मारली. वहिनींनी फक्त वाचली, त्यांना बोलू नकोस.

चेहऱ्याचे आणि मानेचे चाळीस थर काढून टाका. सव्वापाचच्या जाडीने शेहेचाळीस नवे कागद सोबत पाठवतोय. पोटाचं दादा म्हणाला तेच बरोबर, मी पडद्यावर करून पाहिलं. एकूण एकशे एकोणसत्तर. सळ्या आत लपतील.

वहिनी, ते चाळीस थर तुम्ही पुन्हा कापायचे हे लिहिताना माझा हात अडला. पण कापाल ना?

तुमचा
दीर

२४ एप्रिल

धांदल्या,

हे डाव्या हाताने लिहितोय. नऊ दिवस लागलेत. अक्षराला हसू नकोस.

वाचनालय नाही हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. तू दाराची रुंदी लिहिली नव्हतीस. खरं गिऱ्हाईक आधी दार सांगतं, मग माल.

तुझा पाणघोडा पाहिला. कान पुढे झुकलेत. मान चांगली काढली आहेस.

उजव्या हाताचं मनातून काढ. तो परत येणार नाही. मला दुसऱ्या महिन्यातच कळलं, हात माझा आहे. बाई आशा दाखवत होत्या, तुम्ही दोघं ती धरून बसलात, मी कुणाला सांगणार? म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलो.

आता खरं ते लिहितो. पुठ्ठा दबलाय हे मला ती पहिला ताव काढत होती तेव्हाच कळलं होतं. मी त्याच्यावर झोपतो, मला कळणार नाही? तोंडाने एक शब्द काढायचा होता. नाही काढला.

सुरुवातीला ती चुकत होती. पातं लवत होतं, रेघ सुटत होती. मला वाटलं, आता विचारेल. विचारलं नाही. स्वतःच शिकली. साठाव्या थरानंतर मी चूक शोधत होतो आणि सापडत नव्हती. माझं काम माझ्याशिवाय होत होतं. आधी यंत्राने केलं, आता बायकोने. तेव्हा ठरवलं, गप्प बसायचं. एक चूक मला माहीत आहे, ती वाढू दे. शेवटी सळ्या बाहेर येतील आणि हिला माझ्याकडे यावं लागेल. अकरा सेंटिमीटर कमी पडले तेव्हा ती रडत होती आणि मला आनंद झाला होता. असा तुझा दादा.

तुझे नवे कागद आले. ती लगेच चाळीसच्या जागी शेहेचाळीस थर कापायला बसली. पंधरा दिवसांचं काम. मी आकडे सांगत होतो, ती कापत होती. तिने मला दोनदा विचारलं, बरोबर आहे का. मी बरोबर आहे म्हणालो आणि मला तिच्याकडे बघवेना.

चौथ्या दिवशी सांगून टाकलं. सगळं. मला पहिल्यापासून माहीत होतं म्हणालो.

तिने कटर खाली ठेवला. दोन दिवस कामापुरतं बोलली. जेवायला वाढलं, औषध दिलं, पाय दाबले. मी म्हटलं, संपलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी टेबल माझ्या पलंगाला लावलं. पोटाच्या एका जोडीच्या थरावर रेघ उतरवली, कटर माझ्या डाव्या हातात दिला आणि म्हणाली, "अहो, कापा." मी म्हणालो, येणार नाही. म्हणाली, "मलाही येत नव्हतं."

पुठ्ठा हलत होता. तिने माझा उजवा हात उचलून त्यावर ठेवला, वजन म्हणून. तेवढं त्याला जमतं. जड आहे, हलत नाही, पट्टीपेक्षा चांगला दाबतो.

एक थर कापायला दुपार गेली. वाकडा आला. अशी कड मी कारखान्यात कुणाला पुढे जाऊ दिली नसती. टाकून दे म्हणालो. तिने ऐकलं नाही. सळ्यांवर चढवला, डिंक लावला आणि पुढचा थर वर दाबून बसली, सुकेपर्यंत. आता तो निघणार नाही. पोटावरून हात फिरवला की तिथे बोट अडतं.

तू शनिवारी येतोयस. नुसता रिकाम्या हाताने ये, खाऊ-बिऊ नको. मानेचं काम तिचं चालूच आहे, पोटाचे अकरा थर अजून व्हायचेत. सहा ती कापणार, पाच मी.

काल माझा दुसरा कापला. तोही वाकडा आहे. पहिल्यापेक्षा कमी.

दादा